दहा मोजेपर्यंत

रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास तो स्टुलावरून पडला. पडावं असं काही नव्हतं. झोपायच्या खोलीतल्या पडद्याची दांडी एका बाजूने खाली आली होती, बायको आठवडाभर ‘तेवढं बघशील का’ म्हणत होती, म्हणून तो एका हातात स्क्रूड्रायव्हर आणि ओठांत दोन स्क्रू धरून वर चढला होता. स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. पण वर चढल्यावर ते डोक्यातून गेलं, त्याने भार डावीकडे टाकला आणि छत एकदम लांब गेलं. पाठ जमिनीवर आदळली, डोक्याचा मागचा भाग पलंगाच्या कडेला लागला आणि छातीतली सगळी हवा पिशवी चेपल्यासारखी निघून गेली. दुखत नव्हतं. दुखणं मागाहून येतं हे त्याला पक्कं माहीत होतं; हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये बावीस वर्षं तो लोकांचे मोडलेले हातपाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळत आला होता आणि आणलेल्या प्रत्येकाने त्याला हेच सांगितलं होतं, पडलो तेव्हा काहीच वाटलं नाही हो. फक्त श्वास आत जाईना. एक स्क्रू गालाशी पडलेला दिसत होता, दुसरा दिसत नव्हता, आणि आपण तो गिळला की काय, या एकाच विचाराभोवती त्याचं डोकं गरगरत होतं. पलंगाखाली धूळ होती, केसांची एक हरवलेली पिन होती. बाहेरच्या खोलीतून गोळ्यांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

आवाज थांबला याचा अर्थ खारूने खेळ थांबवला. खारू म्हणजे त्याची मुलगी, सात वर्षांची. दात यायच्या वयात घास गालात साठवून ठेवायची म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच, खरं नाव फक्त शाळेत चालायचं. पावलं आली. उंबऱ्यात दोन पाय येऊन उभे राहिले. आडव्या पडलेल्या स्टुलामुळे त्याला गुडघ्यापर्यंतच दिसत होतं: पिवळे मोजे, उजवा टाचेखाली घसरलेला. त्याला म्हणायचं होतं, घाबरू नकोस, किंवा शेजारच्या काकूंना बोलाव, किंवा नुसतं तिचं नाव. पण तोंडातून वाऱ्याची एक झुळूकही निघेना. पाय उभे होते. किती वेळ, ते त्याला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही. मधेच डाव्या पायाच्या अंगठ्याने उजवा मोजा वर सरकवायचा एक प्रयत्न झाला, तो फसला. मग पाय वळले आणि आले तसे गेले. आणि बाहेर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

श्वास परत आला तो अडकलेला ड्रॉवर ओढता ओढता एकदम उघडावा तसा. तो उठून बसला, खोकला, डोक्याला हात लावला तर बोटं ओली. दुसरा स्क्रू शर्टाच्या खिशात सापडला. तिथे तो कसा गेला देव जाणे. भिंतीला धरून तो बाहेर आला. खारू सोफ्यावर मांडी घालून बसली होती, जिभेचं टोक दातांत, नजर टीव्हीवर, अंगठे भराभर चालत होते. मान न वळवता तिने विचारलं, “उठलास?”

“हो,” तो म्हणाला.

“मग मला ब्रेड-जॅम देतोस?”

आणि त्याने दिला. हे त्याला पुढे कितीतरी दिवस सगळ्यांत विचित्र वाटत राहिलं. मानेवरून एक कोमट ओघळ कॉलरमध्ये उतरत असताना तो ओट्याशी उभा राहून ब्रेडच्या कडा कापत होता, कारण खारूला कडा आवडत नाहीत, आणि जॅम चारही कोपऱ्यांपर्यंत नीट पसरवत होता.

बायको सहा वाजता आली, केसांना तलावाच्या पाण्याचा औषधी वास, गळ्यात शिट्टी तशीच. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. रविवारी तिच्या चार तुकड्या असायच्या. त्याने सांगितलं, पडलो जरासा. तिने त्याचं डोकं दिव्याखाली धरलं, केस बाजूला केले, म्हणाली, “टाक्याचं काम नाही, पण तू लोकांना प्लास्टर घालतोस आणि स्वतः तीन पायांच्या स्टुलावर चढतोस, कमाल आहे.” मग विचारलं, “खारू घाबरली का रे?” तो म्हणाला, “नाही. ती खेळत होती.” हे शब्दशः खरं होतं. त्यापुढचं त्याने सांगितलं नाही. का सांगितलं नाही याची त्याच्यापाशी दोनतीन उत्तरं होती आणि एकही त्याला पुरतं पटत नव्हतं. एक म्हणजे तो खेळ घरात त्याच्यामुळे आला होता. खरं तर मेहुण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने, व्हिडिओ गेमचं नवं यंत्र घेतल्यावर जुनं इथे आणून ठेवलं, सोबत खेळांच्या आठ-दहा डब्या, आणि त्यातली नेमकी एक खारूने उचलली: मोडकळलेलं शहर, धूर, हेल्मेट घातलेली माणसं, आणि कोपऱ्यात लाल गोलात सोळाचा आकडा. बायको म्हणाली होती, “सोळा म्हणजे सोळा. ही सात वर्षांची आहे.” मेहुणा म्हणाला होता, “ताई, तो आकडा आईवडिलांना बरं वाटावं म्हणून छापतात.” आणि दोघांनी त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि त्या दिवशी दमलेला होता म्हणून, किंवा खारूने त्याचा गुडघा घट्ट धरला होता म्हणून, तो म्हणाला होता, “खेळू दे गं. खोटं खोटं तर आहे.”

खोटं खोटं. सोमवारी प्लास्टर-रूममध्ये पहिलाच रुग्ण एक पाच वर्षांचा पोरगा होता, प्लास्टर काढायला आलेला, आणि यंत्राची घरघर ऐकताच त्याने किंकाळी फोडली. त्या यंत्राची चकती गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, म्हणून कडक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ कातडी तिच्याबरोबर हलते, कापत नाही. हे मुलांना समजावून उपयोग नसतो. तो नेहमी करायचा तेच त्याने केलं, चालू यंत्र स्वतःच्या तळहातावर टेकवलं आणि हसून दाखवलं. पोरगा गप्प झाला, डोळे मोठे करून तळहाताकडे बघत राहिला. बावीस वर्षं हा खेळ कधी चुकला नव्हता. आज मात्र त्याला वाटलं, आपण या पोराला नेमकं काय शिकवतोय? की किंचाळणारी, दातेरी, माणसाच्या हातावर टेकलेली गोष्ट काही करत नसते? घरी जाऊन याने बापाच्या हत्यारांच्या पेटीतली खरी करवत घेतली तर? असलं काही त्याच्या डोक्यात पूर्वी कधी आलं नव्हतं. त्याने पोराच्या आईला दोनदा बजावलं, “हे यंत्र वेगळं असतं हं, घरातलं वेगळं,” आणि ती बाई त्याच्याकडे, हा माणूस असं का बोलतोय, अशा नजरेने पाहत पोराला घेऊन गेली.

त्या आठवड्यात त्याला एक खोड लागली. येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारू लागला, कसं पडलास, कसं लागलं, आणि मग अगदी सहज, घरी काय खेळतोस रे. त्याला वाटलं होतं यातून काहीतरी हाती लागेल. मंगळवारी एक अतिशय शहाणा, तेल लावून भांग पाडलेला मुलगा आला. घरी टीव्हीसुद्धा नव्हता, तो व्हायोलिन शिकायचा, आणि त्याने बहिणीचं बोट मुद्दाम दारात चेपलं होतं. ती बहीण समोर बोट धरून बसली होती आणि तो खिडकीबाहेर बघत होता. बुधवारी दोन मित्र आले. एकाचं मनगट मोडलं होतं, आणि दुसऱ्याने ते शाळेची पट्टी आणि दोन मोजे वापरून असं पक्कं बांधून आणलं होतं की हाडांचे डॉक्टर म्हणाले, माझ्या शिकाऊंना जमणार नाही. कुठे शिकलास म्हणून विचारलं तर पोरगा म्हणाला, गेममध्ये, सैनिकाला लागलं की बांधावं लागतं. ड्रेसिंगच्या सिस्टरला त्याने हे सगळं बोलून दाखवलं. ती तीन मुलांची आई, सगळ्या प्रश्नांकडे ती कपड्यांच्या घड्या घालता घालता पाहायची. म्हणाली, “आमचा धाकटा दिवसभर माणसं मारतो, आणि मोरीत झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारतो. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेताय, मास्तर?” सगळं हॉस्पिटल त्याला मास्तर म्हणायचं, प्लास्टरमास्तर. तो हसला. हसताना त्याला ते पिवळे मोजे दिसले. तिच्या धाकट्याने हाका तरी मारल्या होत्या.

गुरुवारी त्याची सुट्टी असायची. खारू शाळेत, बायको तलावावर. अकरा वाजता घर आवरून झालं, कपडे वाळत घातले, आणि तो सोफ्यावर बसला तर समोर ते यंत्र. त्याने आजवर ते कधी हातात घेतलं नव्हतं. बघायला तर हवं, तो स्वतःशी म्हणाला, आपण बोलतोय कशाबद्दल ते तरी. पहिली वीस मिनिटं तो भिंतींवर आपटत होता, आभाळाकडे बघत होता, स्वतःच्याच पायाशी स्फोट करून घेत होता. मग अंगठ्यांना कळायला लागलं. बावीस वर्षं हाडाची फट बोटांनी चाचपून ओळखणारे त्याचे हात होते, ते डोक्याच्या आधी शिकले. एका पडक्या जिन्यावरून तो वर गेला, खिडकीशी दबा धरला, खाली गल्लीतून एक हेल्मेटवाला निघाला, त्याने नेम धरला आणि बटण दाबलं. माणूस गुडघ्यांवर बसला आणि कलंडला. त्याला काहीतरी वाईट वाटेल असं त्याने गृहीत धरलं होतं. ते वाटायची तो वाटही बघत होता. पण जे वाटलं ते इतकं साधं आणि स्वच्छ होतं की तो गोंधळला. छान वाटलं. बरोबर बसलेल्या हाडाचा टक्क आवाज ऐकल्यावर वाटतं तसं. त्याने दुसरा टिपला. तिसरा. चौथा पळाला, त्याच्या मागे तो तीन घरं ओलांडून गेला. त्याच्या कपाळाला घाम आला होता आणि तो तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, काय ते त्यालाही ऐकू येत नव्हतं. कुठेतरी फोन वाजला. वाजून बंद झाला. परत वाजला. अजून एकच, तो म्हणाला, हा जिना संपला की.

फोन शाळेतून होता. साडेतीनला शाळा सुटली होती, आणि सव्वाचार झाले होते.

शाळेपर्यंत तो पळत गेला. चप्पल दोनदा निसटली. फाटक बंद होतं, आवारात कुणी नव्हतं, फक्त रखवालदाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर खारू बसली होती, दप्तर मांडीवर, पाय लोंबकळत. रखवालदार म्हणाला, “दोनदा फोन केला, साहेब. बाकी पोर गुणाची हो. एकदाही रडली नाही.” त्याने मान डोलावली. एकदाही रडली नाही, हे कौतुकाने सांगितलेलं वाक्य त्याला कौतुकाचं वाटलं नाही. घरी येताना खारूने त्याचा हात धरला आणि विचारलं, “कुठे होतास?” खोटं बोलायला त्याच्याकडे वेळ होता, कारणंही होती, पण तो धापा टाकत होता आणि धापा टाकणाऱ्या माणसाला खोटं नीट जमत नाही. म्हणाला, “खेळत होतो. तुझा तो खेळ.” खारू रस्त्यात थांबली. तिचा चेहरा असा उजळला की समोरून येणाऱ्या एका बाईंनीही मागे वळून पाहिलं. “खरंच? कुठपर्यंत पोचलास? पूल ओलांडलास?” पूल ओलांडायच्या आत आपण पाच वेळा मेलो, असं त्याने सांगितलं. खारू सगळ्या रस्ताभर हसत होती.

मग घरी दोघं शेजारी शेजारी बसले आणि तिने त्याला शिकवलं. हा त्या आठवड्यातला सगळ्यांत चांगला तास होता, आणि पुढे त्या तासाकडे कोणत्या बाजूने बघावं हेच त्याला कळेनासं झालं. तिचे केस त्याच्या दंडाला लागत होते. ती म्हणत होती, “खाली वाक ना बाबा, वाक, डोकं दिसतंय तुझं!” त्याच्या लक्षात आलं, खारू फारशा गोळ्या झाडत नाही. ती लपत लपत जाते, घरांत शिरते, कपाटं उघडून बघते. आणि कुणी पडलं, तिच्या हातून किंवा दुसऱ्या कुणाच्या, की त्याच्याजवळ जाऊन थांबते. बाजूने धडाधड गोळ्या चालू असतात, आणि ही थांबलेली. तिचे ओठ हलत होते. “आठ, नऊ, दहा,” आणि पडलेला माणूस पडद्यावरून पुसल्यासारखा गेला; जमिनीवर नुसते दगड राहिले.

“हे काय करतेस?” त्याने विचारलं.

“मोजते. मेला की दहानंतर गायब होतो. गायब नाही झाला तर मेला नाही. मग थोड्या वेळाने उठतो तो.” ती पडद्याकडेच बघत होती. “असले उठणारे पण असतात.”

त्याच्या हातातलं बटण तसंच दाबलेलं राहिलं, आणि पडद्यावरचा त्याचा माणूस एका भिंतीला डोकं लावून चालतच राहिला. शेवटी तो म्हणाला, “रविवारी मी पडलो होतो, तेव्हा…”

“तेव्हा पण मोजले,” खारू म्हणाली. “दहा. मग परत दहा. तू होतासच.”

“मग?”

“मग काय. मग मला कळलं, तू उठशील.”

शुक्रवारी त्याने दोन प्लास्टरं चुकीची घातली. एक इतकं घट्ट की म्हाताऱ्याची बोटं निळी पडली आणि ते लगेच कापावं लागलं. त्याच्या डोक्यात एक वाक्य उलटसुलट फिरत होतं: तू होतासच. त्या वाक्यात एवढा विश्वास होता की मिठी मारावी, आणि एवढा भयंकर घोळ होता की अंगावर काटा यावा. समजा स्टूल जरा पलीकडे असतं, समजा पलंगाची कड कानामागे लागली असती. त्याने त्या जागी लागलेली माणसं पाहिली होती. त्यांना प्लास्टरची गरज पडत नाही. मग खारूने दहा मोजले असते, परत दहा मोजले असते, आणि तो असताच. सहा वाजेपर्यंत असताच. मध्ये तिला भूक लागली असती. आपण तिला काय सांगणार होतो? की खरी माणसं मेली तरी जागच्या जागी राहतात, गायब होत नाहीत, हाच तर सगळा त्रास आहे? मेहुण्याला त्याने फोनवर आडून आडून विचारलं. मेहुणा म्हणाला, “दाजी, मीही तेच खेळत वाढलो. मी कुणाला मारलंय का? साधी गाडी चालवताना मांजर आडवं आलं तर तासभर हात थरथरतात माझे.” ते खरं होतं. मेहुण्यासारखा मऊ माणूस शोधून सापडला नसता. पण फोन ठेवल्यावर त्याला आठवलं, सासरे गेले तेव्हा या मऊ माणसाने तीन दिवस खोलीचं दार लावून घेतलं होतं आणि आतून गोळ्यांचा आवाज येत होता, आणि सगळे म्हणत होते, काय निगरगट्ट पोरगा आहे. निगरगट्ट होता, की दुसरं काही करणं त्याला जमत नव्हतं? कुणी विचारलं नाही. तोही नाही.

आणि मग, शनिवारी, घरी एकटाच भांडी घासत असताना, न बोलावता, आठवणीत आजोबा आले. म्हणजे आजोबांचे पाय आले आधी, कातडी सपाता, घोट्याशी सैल झालेले पायमोजे. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्या घरात टीव्ही म्हणून काही नव्हता, यंत्र नव्हतं, एक रेडिओ होता तोही वरच्या फळीवर. दुपार होती, आई खालच्या मजल्यावर शिवणयंत्रावर होती, आजोबा खुर्चीत, आणि तो त्यांच्या पायाशी बसून दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची लढाई लावत होता. लाल रीळ म्हणजे सेनापती. आजोबांना प्रत्येक हल्ला सांगायचा, ते ‘वा!’ म्हणायचे. एका हल्ल्यानंतर ते ‘वा’ म्हणाले नाहीत. त्याने वर पाहिलं. आजोबांचं तोंड किंचित उघडं होतं, डोळे त्याच्याकडे होते आणि त्याच्याकडे नव्हते, आणि हातातलं अर्धं बिस्कीट कलतं झालं होतं. त्याने ते बिस्कीट अलगद काढून घेतलं. खाल्लं. आणि पुढचा हल्ला लावला, मोठ्याने सांगत सांगत, आणि ‘वा’सुद्धा आजोबांच्या आवाजात स्वतःच म्हणाला. आई वर येईपर्यंत, तासभर. नंतर ती बायकांना सांगत राहिली, बिचाऱ्याला कळलंच नाही हो, खेळतच होता. पुढे कितीतरी वर्षं, लग्नकार्यात वगैरे, ही गोष्ट हळव्या कौतुकाने सांगितली जायची, आणि तो खाली मान घालून बसायचा. कारण त्याला कळलं होतं. बिस्कीट काढून घेतानाच कळलं होतं. बोटं ज्या तऱ्हेने सुटली त्यावरून. खेळ थांबवला की ते खरं होणार होतं, म्हणून त्याने थांबवला नाही. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. स्वतःला तरी सांगितलं होतं का? हात साबणाच्या फेसात तसेच ठेवून तो उभा राहिला. नळ वाहत होता. मग खारूला काय कळलं होतं? तिने खेळ थांबवला होता, आली होती, बघितलं होतं, मोजलं होतं, आणि परत मोजलं होतं. दुसऱ्यांदा का मोजलं? पहिल्या दहाला खात्री पटली असेल तर दुसरे दहा कशाला?

रविवारी बायकोच्या दुपारच्या तुकड्या रद्द झाल्या म्हणून ती लवकर घरी होती. मेहुणा साडेतीनला यायचा होता, खारूला पूल ओलांडून द्यायला. जेवण झाल्यावर खारू जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती, तेव्हा तो तिच्याजवळ जाऊन बसला. त्याने ठरवलेलं वाक्य वेगळं होतं. त्यात खरं आणि खोटं असे शब्द होते, आणि माणसाचं शरीर कसं असतं याबद्दल काहीतरी होतं. तोंड उघडलं तर भलतंच निघालं. त्याने आजोबांची गोष्ट सांगितली. रिळं, ‘वा’, बिस्कीट, सगळं. हळूच सांगितलं, फार गंभीर न होता. खारूने रंगाचा खडू खाली ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे बघत ऐकलं.

“ते मेले होते?”

“हो.”

“आणि तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग तू आईला हाक का नाही मारलीस?”

त्याला वाटलं इतक्या वर्षांत कुणीतरी हे विचारायला हवं होतं. “मला भीती वाटली,” तो म्हणाला.

खारू खडू उचलून पुन्हा रंगवायला लागली आणि म्हणाली, “मला पण.”

त्याने श्वास धरून ठेवला. मला पण. पण खारू सगळ्यालाच मला पण म्हणायची. कुणी म्हणालं तहान लागली, की मला पण. कुणी म्हणालं मला रताळी आवडत नाहीत, की मला पण, आणि दुसऱ्या दिवशी ताटलीभर खायची. तिला त्या दिवशी भीती वाटली होती, की आत्ता बाबाला वाटली म्हणून तिलाही वाटली? विचारलं असतं तर तिने त्याला हवं असलेलं उत्तर दिलं असतं. तेवढं तरी त्याला मुलांबद्दल कळत होतं. “कधी?” असं तरीही त्याच्या तोंडून निघालंच.

“अशीच,” खारू म्हणाली.

बायको दारात उभी होती. हातात ओला टॉवेल. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. चेहऱ्यावरून दिसत होतं की तिने सगळं ऐकलं होतं, आणि न सांगितलेलंही तिने जुळवून घेतलं होतं. ती त्याला खूण करून आत घेऊन गेली. “स्टुलावरून पडलास तेव्हा ही आली होती?” त्याने सांगितलं. पाय, मोजे, दहा आणि परत दहा, ब्रेड-जॅम. तिने मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आठवडाभर तू हे माझ्यापासून लपवलंस?” ती रागावलेली होती, पण बोलली ते वेगळंच. “पाण्यात घाबरलेलं मूल ओरडत नाही. आरडाओरडा करतं ते मूल ठीक असतं. घाबरलेलं एकदम गप्प होतं, तोंडावर काही दिसत नाही, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मजेत आहे. मी रोज हेच बघायला उभी असते काठावर.” ती थांबली. “का ते तसं नव्हतंच, आणि ती खरंच मजेत होती? मला नाही सांगता येत. मी तिथे नव्हते. तू होतास.”

“मला पायच दिसत होते,” तो म्हणाला.

बेल वाजली. मेहुणा दारात उभा, कुरकुरीत पाकिटांची पिशवी हातात, “चला, पूल ओलांडायचाय ना!” खारू उठून त्याच्याकडे धावली आणि मधेच थांबून तिघांकडे आळीपाळीने पाहू लागली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मागच्या वेळी तो बोलला होता, आताही त्यानेच बोलावं, एवढं त्या पाहण्यात स्पष्ट होतं.

“आज नको,” तो म्हणाला.

“म्हणजे बंद?” मेहुण्याने विचारलं. “कायमचं? दाजी, काही झालं का?”

“कायमचं मला माहीत नाही. काय झालं तेही नीट माहीत नाही. मी स्वतः खेळलो, मला आवडलं, तू म्हणतोस ते खरं असेल. पण आज नको.”

मेहुण्याने पिशवी टेबलावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर वाद नव्हता, काळजी होती. आणि मग खारू रडायला लागली. आधी आवाज न होता, नुसती हनुवटी हलत होती. मग तोंड उघडलं आणि आतून असा हंबरडा आला की शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. ती जागच्या जागी उभी राहून रडत होती, हात शरीराला चिकटलेले, चेहरा लाल, श्वास मधेच अडकून परत सुटत होता. बायको पटकन म्हणाली, “खेळासाठी रडतेयस का, राणी? उद्या दुसरं काहीतरी…” मेहुणा म्हणाला, “अगं, पूल कुठे पळून जातोय,” आणि खारूने जोरात मान हलवली, पण ती हो अशी होती की नाही अशी, ते हुंदक्यांत कळलं नाही. “काय झालं, सांग,” बायको म्हणत होती, “काय झालं?” आणि खारू म्हणत होती, “मला… मला…” आणि त्यापुढे तिला शब्द सापडत नव्हता.

त्याने तिला उचललं. सात वर्षांची झाल्यापासून ती उचलून घेऊ द्यायची नाही, जडही झाली होती, आणि त्याची पाठ अजून पुरती बरी नव्हती. तिने दोन्ही पाय त्याच्या कमरेभोवती आवळले आणि तोंड त्याच्या मानेत खुपसलं. शर्ट ओला होत गेला. तिचं हृदय त्याच्या गळ्याच्या हाडावर इतक्या जोरात आपटत होतं की त्याला ते स्वतःच्या दातांत जाणवलं. बायकोने नजरेनेच विचारलं, काय? त्याने मान हलवली. त्याला माहीत नव्हतं. विचारायचं सोडून तो चालायला लागला, सोफ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून सोफ्यापर्यंत. मेहुणा वाटेतली खुर्ची उचलून बाजूला उभा राहिला.